शंभरांतले बेचाळीस

परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागले की आमच्या वाणिज्य शाखेत एक निराळीच लगबग सुरू होते. एरवी ग्रंथालयाचा उंबरठा न ओलांडणारे विद्यार्थी मागच्या कपाटाशी गर्दी करतात, काळ्या पुठ्ठ्याचे जुने प्रोजेक्ट काढून अनुक्रमणिकेचे मोबाईलवर फोटो घेतात, आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत दिवा जळतो. या प्रोजेक्टांची नावे एकदा ओळीने वाचून पाहावीत. ‘ऑनलाईन खरेदीविषयी ग्राहकांचे पर्सेप्शन’, ‘मोबाईल बँकिंगविषयी महिलांचे पर्सेप्शन’, ‘कामाच्या वातावरणाविषयी कामगारांचे पर्सेप्शन’, ‘समाजमाध्यमांविषयी तरुणांचे पर्सेप्शन’. विषय बदलतो; गाव तेच, पर्सेप्शन तेच. निष्कर्षही बहुधा तोच असतो : बहुसंख्य उत्तरदाते समाधानी आहेत, तथापि सुधारणेस वाव आहे.

असा एक प्रोजेक्ट मीही केला आहे. मार्च २०२५ मध्ये तो सादर झाला. विषय होता ‘डिजिटल पेमेंटविषयी बेळगाव शहरातील किरकोळ विक्रेत्यांचे पर्सेप्शन’. शंभर विक्रेत्यांची मते घेतली, अठ्ठ्याहत्तर टक्के विक्रेते समाधानी आढळले, आणि मला पन्नासपैकी त्रेचाळीस गुण मिळाले. घरी पेढे आले नाहीत, पण आईने शेजारी सांगितले.

आता खरे काय ते सांगतो. त्या शंभरांपैकी बेचाळीस विक्रेत्यांना मी प्रत्यक्ष भेटलो. एकतीस फॉर्म माझ्या वर्गमित्रांनी आणि आते-मावस भावंडांनी लिंकवरून भरले. त्यात कोणी किराणा दुकानदार झाला, कोणी पानवाला. हुबळीला नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या एका आतेबहिणीने ‘व्यवसाय : चपलांचे दुकान, अनुभव : २५ वर्षे’ असे लिहिले. तिचे वय एकोणीस आहे. उरलेले सत्तावीस फॉर्म मी स्वतः एका रात्रीत बसून भरले.

खोटा फॉर्म भरण्याचेही एक तंत्र आहे. सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’ लिहिले तर सरांना संशय येईल, म्हणून मी मनात माणसे कल्पिली : हा खूष दुकानदार, हा जरा कुरकुऱ्या, हा म्हातारा आणि मोबाईलला भिणारा. मग प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे उत्तरे दिली. याचा परिणाम गमतीचा झाला. प्रश्नावलीतील उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे पाहण्यासाठी आपण क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये सुचवलेला ‘अल्फा’ नावाचा आकडा काढतो. तो ०.७० च्या वर असला की साधन विश्वासार्ह मानायचे, अशी रूढी आहे. माझा आकडा ०.९१ आला. खऱ्या माणसाच्या उत्तरांत विसंगती असते, तो एका प्रश्नाला एक बोलतो आणि दुसऱ्याला दुसरेच. माझ्या कल्पनेतली माणसे मात्र पक्की सुसंगत होती. तोंडी परीक्षेत त्या आकड्याबद्दल माझे विशेष कौतुक झाले.

हे सारे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते, आणि कदाचित सांगितलेही नसते. पण गेल्या सत्रात दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मला ग्रंथालयात भेटली. तिच्या हातात माझाच प्रोजेक्ट होता. ती म्हणाली, “दादा, तुमचा फार उपयोग झाला हो. पूर्वीच्या अभ्यासांच्या आढाव्यात तुमचा आकडा घेतलाय.” तिने वही उघडून दाखवली. तिथे स्वच्छ अक्षरात लिहिले होते की बेळगावातील अठ्ठ्याहत्तर टक्के किरकोळ विक्रेते डिजिटल व्यवहारांबाबत समाधानी आहेत. पुढे कंसात माझे आडनाव आणि वर्ष.

मी “छान” म्हणालो आणि निघून आलो.

त्या अठ्ठ्याहत्तरांत माझी चपलांच्या दुकानवाली आतेबहीण होती. उद्या या मुलीचा प्रोजेक्ट तिसरा कोणी वापरील, आणि मग तो आकडा माझा न राहता ‘साहित्य’ होईल. पुस्तकात अशाच रीतीने आलेल्या किती आकड्यांवर आपण निमूटपणे विश्वास ठेवत असू, हा विचार मला दोन दिवस पुरला.

परंतु माझा मुद्दा केवळ लबाडीचा नाही. लबाडी वाईट, हे सांगायला मासिकाची पाने खर्ची घालायला नकोत. मला नंतर जे जास्त टोचू लागले ते वेगळेच आहे. ते सत्तावीस आणि एकतीस सोडून द्या. जे बेचाळीस फॉर्म मी उन्हातान्हात फिरून भरले, ते तरी खरे आहेत का? माझे मत असे झाले आहे की तेही नाहीत. आपण लोकांचे पर्सेप्शन मोजतो म्हणतो, पण अशा भाषेत आणि अशा पट्टीने विचारतो की समोरच्याला ते सांगताच येऊ नये. मग आपण आपलेच मत त्याच्या नावावर मांडतो.

गणपत गल्लीतील एका भाजीवाल्या मावशींचे उदाहरण देतो. माझी प्रश्नावली इंग्रजीत होती, कारण प्रोजेक्ट इंग्रजीत. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. ‘पर्सेप्शन’ म्हणजे नेमके काय हे मीच शब्दकोशात पाहिले होते. आकलन, समज, दृष्टिकोन, असे चार-पाच शब्द सापडले आणि एकही नेमका बसेना. तर अशा मी उभ्या उभ्या भाषांतर करून विचारले, “मावशी, डिजिटल पेमेंटमुळे तुमची उत्पादकता वाढली, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?”

“म्हंजे काय रे?”

“म्हणजे काम लवकर होतं का?”

“काम लवकर कसलं? गिऱ्हाईक मोबाईल काढतंय, नेट नाही म्हणतंय, मागचं गिऱ्हाईक खोळंबतंय.”

“मग असहमत लिहू?”

“तसं नको. सुट्ट्याची कटकट गेली की. तू काय लिवालास ते लिव बाळा, तुला मार्क पडू देत.”

मी ‘सहमत’ या चौकोनात खूण केली. ती माझ्यावरच्या मायेची खूण होती, यूपीआयविषयीच्या मताची नव्हे. आणि मी पेन खिशात घातल्यावर मावशी खरे बोलू लागल्या. क्यूआरचा स्टिकर मुलाच्या नावाचा आहे. दिवसभराचे पैसे त्याच्या खात्यात जातात, आणि संध्याकाळी स्वतःच्याच विक्रीचे पैसे त्याच्याकडे मागावे लागतात. पहाटे घाऊक बाजारात माल उचलायला रोख लागते. ती हातात नसली की उधारी, आणि उधारीचा भाव वेगळा. डिजिटल व्यवहाराने या बाईंच्या आयुष्यात काय बदलले याचे उत्तर त्या चार वाक्यांत होते. माझ्या पंचवीस प्रश्नांत त्याला जागा नव्हती, म्हणून ते प्रोजेक्टमध्ये आले नाही.

दुसरी गोष्ट खडेबाजारातली. फुले विकणाऱ्या एका अक्कांना मी कन्नडमधून विचारले. कन्नड मला बऱ्यापैकी येते, आणि तेच नडले. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाचे मी ऐटीत कन्नड केले, “समाधान ऐतेनरी?” अक्का हसल्या आणि म्हणाल्या, “एल्ली समाधान, तम्मा? मगळ मदिवी आगबेकल्ला!” म्हणजे, कुठलं समाधान, मुलीचं लग्न व्हायचंय अजून. मी प्रामाणिकपणे ‘असहमत’ अशी खूण करून पुढे गेलो. महिन्यानंतर कन्नड विभागातील एका मित्राला हे सांगितले तेव्हा तो पोट धरून हसला. आपल्याकडे समाधान म्हणजे तृप्ती, भरून पावणे. कन्नडमध्ये त्याला ‘तृप्ती’च म्हणायचे. तिकडे समाधान म्हणजे मनाची शांती. रडणाऱ्याची समजूत घालताना म्हणतात ते ‘समाधान माडको’. मी त्या बाईंना भर बाजारात ‘तुमचं मन शांत आहे का?’ असे विचारले होते, आणि त्यांनी खरे उत्तर दिले होते. संगणकाने मात्र ते ‘डिजिटल पेमेंटविषयी असमाधान’ या सदरात टाकले.

या गावात भाषेवरून काय काय झाले आहे ते मी सांगायला नको. पण दोन्ही भाषांत एकच शब्द असला की अर्थही एकच असणार, या भ्रमात आपण दोन्हीकडचे लोक सारखेच असतो.

मग हे प्रश्न आले कोठून? मी शोध घेतला. ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ ही पाच पायऱ्यांची पट्टी रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. (आपण सर्व त्याला ‘लायकर्ट’ म्हणतो, तो स्वतःला लिकर्ट म्हणवीत असे.) त्याचे उत्तरदाते मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थी होते, म्हणजे कागदावरील विधान वाचून त्याला तोलण्याची सवय असलेली माणसे. आणि ‘उपयुक्तता’ व ‘सुलभता’ यांविषयीचे जे प्रश्न आपण जुन्या प्रोजेक्टातून उचलतो, त्यांचे मूळ फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ मधील एका निबंधात आहे. त्यांनी ते कॅनडातील एका संगणक कंपनीचे कर्मचारी आणि बोस्टनमधील एमबीएचे विद्यार्थी यांना विचारले होते. विषय होता कचेरीतील इलेक्ट्रॉनिक टपाल आणि आलेख काढण्याचे प्रोग्राम. त्या माणसांना ‘यामुळे माझी उत्पादकता वाढते’ हे वाक्य कळत होते, कारण त्यांच्या नोकरीत तो शब्द रोज वापरला जात होता. डेव्हिस यांचा त्यात काही दोष नाही. टोरांटोच्या कचेरीतला तोच प्रश्न मेथीची जुडी बांधणाऱ्या मावशींपुढे ठेवणारे आपण आहोत.

माझा एक मित्र उद्यमबागेतील एका फौंड्रीत कामगारांच्या ‘जॉब सॅटिसफॅक्शन’चा अभ्यास करायला गेला. फॉर्म सुपरवायझरने वाटले, जेवणाच्या सुट्टीत भरून घेतले आणि त्यानेच गोळा केले. बहुतेक फॉर्मांवर वरपासून खालपर्यंत एकाच चौकोनात खुणा. एका मोल्डरने तेवढे विचारले, “हे मालकाकडं जाणार काय?” मित्र घाईघाईने म्हणाला, “नाही नाही, फक्त अभ्यासासाठी.” त्यावर तो म्हणाला, “मग कशाला विचारालाय?” मित्राला वाटले होते की मालकाचे नाव ऐकून कामगार घाबरला. माझ्या समजुतीने तसे नव्हते. भट्टीजवळच्या उकाड्याचे, जादा पाळीच्या पैशांचे त्याला काही सांगायचे होते, आणि ऐकणाराच चुकीचा निघाला. पण प्रोजेक्टात ‘९१ टक्के कामगार समाधानी’ असा सुंदर वृत्तालेख आहे, निळ्या आणि केशरी रंगात.

समाजमाध्यमांवरचे प्रोजेक्ट तर वर्गातल्या वर्गातच होतात. ग्रुपवर लिंक येते, तास चालू असताना बाकाखाली फॉर्म भरला जातो. ‘तुम्ही दिवसातून किती वेळ मोबाईलवर घालवता?’ या प्रश्नाला मी ‘दोन तास’ असे उत्तर दिले होते. नंतर सहज फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिले तर तिथे पाच तासांच्या वर आकडा होता. मी खोटे बोललो नव्हतो, मला खरोखरच दोन तास वाटत होते. आता विचार करा, अभ्यासाचा खरा विषय तर हाच! माणसाला वाटते दोन आणि असतात पाच. मधले तीन तास कुठे जातात आणि ते त्याला का दिसत नाहीत? पर्सेप्शन म्हणजे ही फट. वस्तुस्थिती शेजारी ठेवल्याशिवाय ती दिसत नाही. आपण नुसते ‘दोन’ गोळा करतो, त्याचा मध्य काढतो आणि ‘विद्यार्थी मोबाईलचा संयमाने वापर करतात’ असे लिहून मोकळे होतो.

कोणी म्हणेल, एवढे काय बिघडते? पदवीचा प्रोजेक्ट तो, कोण वाचतो? मलाही असेच वाटत असे. पण जुलै २०२५ मध्ये आपल्याच राज्यात काय झाले ते आठवा. यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून वाणिज्य कर खात्याने छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. वर्षाची उलाढाल मालाच्या बाबतीत चाळीस लाखांच्या आणि सेवांच्या बाबतीत वीस लाखांच्या वर गेली की नोंदणी आवश्यक ठरते, हे आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पण चहावाला, बेकरीवाला, किराणा दुकानदार यांची धांदल उडाली. बेंगळूरमध्ये अनेक दुकानांतील क्यूआरचे स्टिकर निघाले आणि ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. ताजी भाजी करमुक्त असते, तरीही भीती पसरायची ती पसरलीच.

आता माझ्या प्रोजेक्टातील शेवटचे पान पाहा. ‘भविष्यात डिजिटल पेमेंटचा वापर चालू ठेवाल का?’ अठ्ठ्याऐंशी टक्के : होय. हे पान सादर करून चार महिने झाले नव्हते. माझ्या बेचाळिसांपैकी मारुती गल्लीतील एका दुकानदारांनी मार्चमध्येच मला विचारले होते, “हे सगळं सरकारला दिसतंय काय रे? तू कॉमर्सचा नव्हे?” मी म्हणालो होतो, “काका, आधी हे तेवढं सांगा, सहमत का असहमत?” हिशेब उघडा पडण्याची ही धास्तीच त्यांचे खरे पर्सेप्शन होते. ते त्यांनी माझ्या हातावर ठेवले होते आणि मी ते बाजूला सारून चौकोनात खूण केली. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला या व्यवहारावर शुल्क नाही, हा सारा इतिहास मी पहिल्या प्रकरणात नऊ पाने लिहिला होता. समोरच्या माणसाची धास्ती लिहायला मला एक ओळ सापडली नाही.

आणखी एक रोग म्हणजे हा शंभराचा आकडा. शंभरच का? संख्याशास्त्रात त्याला काही आधार आहे असे समजू नका. शंभर घेतले म्हणजे टक्केवारी काढावी लागत नाही, एवढेच कारण! नमुना मोठा असला की खरा असतो ही समजूत तर अमेरिकेत १९३६ सालीच मोडीत निघाली. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी वीस लाखांहून अधिक लोकांची पत्रे गोळा केली आणि लँडन विजयी होणार असे जाहीर केले. रूझवेल्ट अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यांत जिंकले. पत्रे पाठवली होती ती टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून, आणि उलट टपाली उत्तर देणारे त्यातूनही निवडक. आमच्या लिंकचे तेच आहे, फक्त वीस लाखांऐवजी एकतीस आणि सगळे माझे नातेवाईक.

याच्या उलट आपल्याकडचे एक उदाहरण आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमध्ये ताग आणि भाताच्या पिकांची पाहणी करीत असत. माहिती गोळा करणारा माणूस झाडाखाली बसून आकडे लिहील, ही शंका त्यांना होतीच. (माझ्यासारखे लोक तेव्हाही होते, हे वाचून थोडा धीर आला.) म्हणून त्यांनी एक युक्ती काढली : एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि दोन वेगवेगळ्या तुकड्यांनी एकमेकांना न विचारता पाहणी करायची. दोघांचे आकडे जवळ आले तर ठीक. फरक पडला तर तो फरकच सांगतो की गडबड कुठे आहे. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती त्यांच्याच पुढाकाराने.

हे वाचताना मला आपल्या कॉलेजची आठवण झाली. आपल्या या मासिकाला दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. मधल्या पानापासून आपण पाठीला पाठ लावून उभे असतो. मराठी मुले मराठी दुकानदार गाठतात, कन्नड मुले कन्नड दुकानदार, आणि प्रोजेक्ट दोघेही तिसऱ्याच भाषेत लिहितात. त्याऐवजी एक मराठी व एक कन्नड विद्यार्थी अशी जोडी का असू नये? शंभर नकोत, वीस माणसे घ्या. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी त्याच वीस जणांकडे जावे, समोरचा ज्या भाषेत भाव करतो त्या भाषेत बोलावे, चौकोन न दाखवता बोलू द्यावे आणि त्याचेच शब्द वहीत लिहावेत. मग दोन वह्या शेजारी ठेवाव्यात. जिथे जमत नाही तिथे तिसऱ्यांदा जावे. इंग्रजी लिहायचेच असेल तर ते सर्वांत शेवटी.

यावर आक्षेप येतील. वेळ कोठून आणायचा? माझे उत्तर असे की खोटे सत्तावीस फॉर्म भरायला मला सात तास लागले. तेवढ्यात आठ-दहा माणसांशी नीट बोलून झाले असते. आकडेशास्त्राच्या कसोट्या कशा लावणार? वीस माणसांवर बऱ्याच कसोट्या लागणार नाहीत, हे खरे. मग न लावाव्यात. कसोटी लावता यावी म्हणून माणसे बनवणे हा व्यवहार मला आता उलटा वाटतो. अर्थात मोठ्या पाहण्यांना, पट्ट्यांना, गणिताला मी नावे ठेवीत नाही. ज्यांना खरोखर हजारो माणसांपर्यंत जायचे आहे त्यांना दुसरा इलाज नाही, आणि ते लोक प्रश्नावली आधी दहा ठिकाणी तपासून, भाषांतर उलट फिरवून पाहतात. आपण त्यांचा सदरा घालतो, मेहनत घेत नाही.

म्हैसूरकडच्या एम. एन. श्रीनिवास यांचे नाव समाजशास्त्राच्या मुलांना ठाऊक असेल. त्यांनी १९४८ मध्ये रामपुरा म्हणून ज्याला नाव दिले त्या खेड्यात राहून अभ्यास केला. १९७० मध्ये अमेरिकेत त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती आगीत गेल्या, आणि मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिले ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे कळल्यावर मी स्वतःची परीक्षा घेतली. माझी फाईल उद्या पुसली गेली तर मला काय आठवेल? मावशी, अक्का, मारुती गल्लीतील काका, आणि फार तर आणखी चार जण. बाकी सगळे आकडे.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी मार्गदर्शक सरांना भेटलो आणि सर्व सांगितले. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे एका वर्षी चाळीसच्या वर प्रोजेक्ट असतात, हे मला माहीत आहे. शेवटी ते म्हणाले, “शंभर मी म्हटले होते. तीस म्हटले असते तर तू तीस खरे आणले असतेस का?” मी म्हणालो, “सर, तेव्हा नसते आणले.” ते म्हणाले, “मग दोष निम्मा निम्मा. गुणांचे काय करायचे ते मी वर विचारतो.” त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

त्या विद्यार्थिनीलाही सांगितले. ती रागावली, आणि ते रास्तच होते. तिचे आढाव्याचे प्रकरण टाईप होऊन झाले होते. पण आठवड्याने ती कन्नड विभागातील आपल्या एका मैत्रिणीला घेऊन गणपत गल्लीत गेली. मी वाट दाखवायला बरोबर होतो. भाजीवाल्या मावशींनी मला ओळखले. “गेल्या सालाला लिवून न्हेलतास, त्याचं काय झालं रे?” मी सांगितले, पन्नासपैकी त्रेचाळीस मिळाले. “बरं झालं की,” असे म्हणून त्या मुलींकडे वळल्या आणि स्टिकर आता स्वतःच्या नावाचा करून घेतल्याची हकीकत सांगू लागल्या. कोणाच्या ओळखीने बँकेत गेल्या, मुलगा काय म्हणाला, सून काय म्हणाली. मुलींनी विचारलेला प्रश्न फक्त एक होता : “मावशी, पैसे मोबाईलवर यायला लागल्यापासून काय काय बदललं?” दोन पाने भरली.

त्यांची आतापर्यंत चौदा माणसे झाली आहेत. दोन वह्या पाच ठिकाणी जमत नाहीत, आणि त्या पाच जणांकडे त्या पुन्हा जाणार आहेत.

ग्रंथालयात मागच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, माझा प्रोजेक्ट आहे. सरांच्या परवानगीने मी त्याच्या पहिल्या पानावर एक कागद डकवला आहे. त्यावर ४२, ३१ आणि २७ हे तीन आकडे आणि त्यांचा अर्थ लिहिला आहे. ज्या कोणाला तो प्रोजेक्ट वापरायचा असेल त्यांनी कृपया तो कागद आधी वाचावा.